धरमपेठेतलं कॅफे अन् अमोरिमची पहिली मॅच: स्क्रीन मस्त, नाचोज बेकार, भांडणं फर्स्ट क्लास

आधीच सांगून टाकतो, नुसतं खायला जायचं असेल तर इथे जाऊ नका, धरमपेठेत त्याच पैशात याच्यापेक्षा बरं कुठेही मिळते. पण मॅच पाहायची आहे, कॉमेंटरीच्या आवाजासकट पाहायची आहे, अन् पाहता पाहता अनोळखी माणसाशी वाद घालायचा आहे, तर या कॅफेसारखी जागा नागपुरात मला तरी दुसरी दिसली नाही. मी मँचेस्टर युनायटेडवाला, म्हणजे इंग्लंडच्या त्या फुटबॉल क्लबचा फॅन आहे हेही इथेच लिहून ठेवतो, नंतर कोणी म्हणायला नको की हा रिव्ह्यू कॅफेचा लिहून राहिला का क्लबचा. दोन्हीचा आहे भाऊ. इथे कॉफी प्यायला जाते कोण.

तर २४ नोव्हेंबर २०२४ चा रविवार. कॅफेवाल्याची परीक्षाच होती त्या दिवशी. आदल्या दिवशी विधानसभेचे निकाल लागले होते, त्यामुळे अर्धं गाव मुख्यमंत्री कोण होणार यात अडकलेलं, अन् नागपुरात तर तो विषय घरच्या लग्नासारखा चालते. सकाळी पर्थला जयस्वालचे १६१ अन् कोहलीचं शतक. दुपारपासून जेद्दाहला आयपीएलचं ऑक्शन, त्यात पंत २७ कोटीला अन् आपला अमरावतीचा जितेश शर्मा ११ कोटीला बंगळुरूकडे गेला, त्याचा आनंद करणारं एक अख्खं टेबल वेगळंच. साडेसातला लिव्हरपूलची फुटबॉल मॅच. अन् रात्री दहाला इप्सविच विरुद्ध युनायटेड, म्हणजे रुबेन अमोरिमची युनायटेडचा मॅनेजर म्हणून पहिली मॅच.

मी नऊच्या सुमारास पोचलो तेव्हा बाहेरच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर ऑक्शन अन् आतल्या खोलीत टीव्हीवर लिव्हरपूल. जिना चढतानाच आरडाओरडा ऐकू आला, सालाहची पेनल्टी होती ती. जिना अरुंद आहे, अन् कोपऱ्यात खर्रा थुंकून ठेवला आहे, कॅफे वरच्या मजल्यावर असल्यामुळे तो जिना आमचा नाही असं सांगतात, पण गिऱ्हाईक तर तुमच्याचकडे येते न दादा, एक बादली पाणी टाकून द्या.

आता हे मला फार आवडलं. पावणेदहाला काउंटरवरच्या माणसाने सरळ सगळ्यांना हात वर करायला लावले, ऑक्शन कोणाला अन् फुटबॉल कोणाला. फुटबॉलचे हात जास्त निघाले, मग त्याने ऑक्शन आतल्या खोलीतल्या एका टीव्हीवर नेलं अन् प्रोजेक्टर आम्हाला दिला. कोणी कुरकुर केली नाही. बाकीच्या ठिकाणी काय होते तर मालकाच्या ओळखीचा कोणी बसला असला की तो म्हणेल ते चॅनल, अन् क्रिकेट असलं तर विषयच संपला. जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम ज्या गावात आहे तिथे फुटबॉलला मोठी स्क्रीन मिळणं ही साधी गोष्ट नाही.

स्क्रीन चांगली आहे, उजेड पडत नाही, बॉल दिसते. आवाज त्याहून चांगला. कॉमेंटरी ऐकू येते अन् समोरच्याचं बोलणंही ऐकू येते, हे जमवणं कठीण असते. फक्त हाफटाइमला ते पंजाबी गाणे लावून देतात, काऊन लावतात देव जाणे, नेमकं तेव्हाच तर बोलायचं असते माणसाला. एका पोराने जाऊन बंद करायला लावलं तेव्हा कुठे शांत झालं.

अन् एक मोठा घोळ. हॉलमधला प्रोजेक्टर डिशच्या बॉक्सवर चालते अन् आतल्या खोलीतला दुसरा टीव्ही हॉटस्टारवर. आतला बाहेरच्यापेक्षा चांगला अर्धा मिनिट मागे. आता मॅच सुरू झाली दहाला, लोकं अजून खुर्च्या ओढून राहिले होते, वेटर ट्रे घेऊन बरोब्बर स्क्रीनच्या समोर उभा, "पेरी पेरी कोणाचं" विचारून राहिला, अन् तेवढ्यात अमाद उजवीकडून पळाला, एकाला मागे टाकलं, आत बॉल दिला अन् रॅशफर्डने लावला. ८१ सेकंद. नवीन मॅनेजरला येऊन दीड मिनिट झालं नाही अन् गोल. हॉलमध्ये पेरी पेरी खाली, वेटर वर, कोण कोणाच्या गळ्यात पडून राहिलं कळेना. आतल्या खोलीतल्यांना तेव्हा अमाद अजून बॉल घेतानाच दिसून राहिला होता. त्यांनी गोल आधी ऐकला अन् मग पाहिला. त्यातला एक जण बाहेर येऊन म्हणाला, "मिनिमम ऑर्डर आमची पण साडेतीनशेचीच आहे न, मग आम्हाला शिळा गोल काऊन?" मुद्दा शंभर टक्के बरोबर. आतल्या खोलीत बसायचं असेल तर चार्ज कमी करा नाहीतर तिथेही बॉक्स लावा.

गोलनंतर पाच मिनिटं सगळा हॉल आशावादी. आमच्या टेबलावर एक इंजिनीअरिंगचा पोरगा होता, त्याला अमोरिमचं सगळं पाठ. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला १९ वर्षांनी लीग जिंकून दिली २०२१ मध्ये, मग २०२४ मध्ये परत, वय अवघं ३९, अन् युनायटेडला येण्याआधी त्याच महिन्यात पाच तारखेला गार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीला ४-१ ने बडवून आला. "अजून काय पाहिजे बे तुम्हाला?" हे खरंच आहे. आमचा जुना मॅनेजर फर्ग्युसन २०१३ मध्ये गेल्यापासून हा सहावा कायमचा मॅनेजर, मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शायर, टेन हाग अन् आता हा. त्यांच्यात येतानाच एवढ्या ताज्या कामाचं सर्टिफिकेट घेऊन आलेला मला तरी कोणी आठवत नाही. मोरिन्हो अन् व्हॅन गाल मोठे होते, पण त्यांचं मोठेपण तोवर जुनं झालं होतं.

पण आमच्यात एक आहे, त्याला आम्ही वकीलसाहेब म्हणतो, खरा वकील नाही, फक्त बोलणं तसं. तो गोलवर उठलाच नाही. त्याने शांतपणे विचारलं, २०१४ आठवते का? व्हॅन गाल आला तेव्हाही याच्यासारखेच मागे तीन डिफेंडर लावले होते, तेव्हाही आपण असेच नाचलो होतो, अन् पहिल्याच लीग मॅचमध्ये घरच्या मैदानावर स्वान्सीने २-१ ने हरवलं. इंजिनीअर म्हणाला ते वेगळं, हे वेगळं. वकील म्हणाला, वेगळं काय ते सांग.

अन् इथे मग खरी मजा सुरू झाली, कारण शेजारच्या टेबलावर कामठीचे एक चाचा होते. कामठी म्हटलं की विषय संपला, तिथे फुटबॉल आपल्यापेक्षा तीन पिढ्या आधीपासून आहे, रब्बानी क्लबचं नाव आपल्या जिल्ह्यात फुटबॉलवाल्या कोणालाही विचारा. चाचांनी आमची मसाला शेंगदाण्याची प्लेट ओढून घेतली अन् टेबलावर शेंगदाणे मांडले. मागे तीन, मजरावी, डी लिख्ट, एव्हन्स. मध्ये दोन, कासेमिरो अन् एरिक्सन. दोन बाजूला दोन विंगबॅक, उजवीकडे अमाद, डावीकडे दालो. पुढे ब्रुनो अन् गार्नाचो, त्यांच्या पुढे रॅशफर्ड. "आता पाहा बेटा. बॉल आपल्याकडे, हे दोघं वर. बॉल गेला, हे दोघं खाली, मागे झाले पाच. नव्वद मिनिटं वर-खाली, वर-खाली. डोकं नंतर, आधी फुप्फुस पाहिजे." असं म्हणून ते वर पाहतात तोवर डावीकडचा शेंगदाणा कोणीतरी खाऊन टाकला होता. वकील म्हणाला, "चालते चाचा, तसाही आपल्याकडे लेफ्ट विंगबॅक कुठे आहे."

हसलो सगळे पण दुखलंही, कारण तेच तर खरं होतं. डावीकडे खेळणारा शॉ किती महिने बाहेर होता, मलासिया त्याच्याहून जास्त, दालो मुळात उजव्या पायाचा, डावीकडून जाते अन् बॉल उजव्या पायावर घ्यायला थांबते, तोवर समोरचे चार जण गोळा होऊन जातात. अन् मधले ते दोघं ३२-३२ वर्षांचे. चार जणांच्या मिडफील्डमध्ये मधे दोनच, त्यातही दोघंही पळणारे नाहीत. इप्सविचवाले काही फार भारी टीम नाही, २२ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये आले, त्या सीझनमधला पहिला विजय त्यांना त्याच महिन्यात मिळाला होता, पण ते या दोघांच्या बाजूने असे निघून जात होते की हॉल हळूहळू गप्प व्हायला लागला. त्यात त्यांचा मॅनेजर मॅकेना, आपल्याच क्लबमध्ये मोरिन्हो अन् सोल्शायरच्या हाताखाली कोच होता. घरचा भेदी म्हणा पाहिजे तर. आपल्या गोलकीपर ओनानाने त्यांच्या डेलॅपचा एक शॉट जवळून अडवला तेव्हाच कळलं होतं की आता येते. अन् ४३व्या मिनिटाला त्यांच्या हचिन्सनने बाहेरून मारला, मजरावीच्या डोक्याला लागून वळला अन् आत. १-१. आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, "काय झालं बे, काय झालं, सांगू नका!"

हाफटाइमला (गाणे बंद केल्यावर) जे काही चाललं ते मी या कॅफेचं खरं प्रॉडक्ट मानतो. लिव्हरपूलवाले मॅच जिंकून रेंगाळून राहिलेच होते, आठ पॉइंटची लीड घेऊन माणूस घरी का जाईल. त्यातला एक येऊन खुर्ची उलटी करून बसला अन् म्हणाला, आम्हालाही आधीचा मॅनेजर क्लॉप गेल्यावर असंच वाटलं होतं, फेयनूर्डवरून कोण हा टकला स्लॉट आणला, उन्हाळ्यात मैदानात उतरेल असा एकटा किएझा घेतला, आम्ही म्हटलं गेला सीझन. आता पाहा. आमचा इंजिनीअर लगेच खूश, बघा म्हणजे चालते न नवीन मॅनेजर. पण वकीलसाहेबाने तिथेच पकडलं. स्लॉट आला उन्हाळ्यात, प्रीसीझन अख्खा मिळाला, अन् त्याने येऊन घर तसंच ठेवलं, क्लॉपची टीम क्लॉपच्याच साच्यात खेळवली, उलीसा वेग कमी केला बस. हा आला नोव्हेंबरमध्ये, अर्धे प्लेयर इंटरनॅशनल ब्रेकला गेलेले, हातात प्रॅक्टिसचे चारदोन दिवस, अन् याला भिंतीच पाडायच्या आहेत. अमोरिम स्वतः म्हणत होता की सीझन संपल्यावर येतो, क्लबने सांगितलं आत्ता नाहीतर कधीच नाही.

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. मला विचाराल तर अमोरिमवर माझी शंका नव्हतीच, शंका होती ती त्याला आणणाऱ्यांवर. जुलैमध्ये टेन हागचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, त्याच्या पसंतीचे प्लेयर घेऊन दिले, अन् ऑक्टोबरच्या २८ तारखेला घरी पाठवला, तेव्हा टीम १४वी. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी तुम्हाला जे माहीत नव्हतं ते काय एकदम कळलं? मग ज्याला एकच फॉर्मेशन येते, अन् तो ते लपवतही नाही, अशा माणसाला तुम्ही त्या फॉर्मेशनचा एकही विंगबॅक नसलेल्या टीमवर आणून बसवता. मधल्या काळात तात्पुरता मॅनेजर व्हॅन निस्टलरॉयने चार मॅचमध्ये तीन जिंकल्या, एक ड्रॉ, त्याला थँक्यू म्हणून निरोप. मी त्याला ठेवा म्हणत नाही, पण दोन मॅच लेस्टरशी अन् चारही घरच्या मैदानावर होत्या हेही कोणी सांगत नाही, अन् लोकं त्याच्यासाठी रडूनही राहिले, दोन्ही बाजू फोकनाड.

आर्सेनलचा एक जण होता कोपऱ्यात, तो एकदाच बोलला. आमचा मॅनेजर आर्टेटा आला डिसेंबर २०१९ मध्ये, दोनदा आठवे आलो, आम्हीच त्याला शिव्या दिल्या. धीर धरा. चाचांनी त्याच्यावर कडी केली, म्हणाले फर्ग्युसन पण १९८६ च्या नोव्हेंबरमध्येच आला होता, पहिलीच मॅच ऑक्सफर्डशी हरला २-०, अन् पहिली ट्रॉफी यायला १९९० उजाडलं. आज साडेतीन वर्षं कोण थांबेल बेटा? तुम्हीच हाकलाल. इंजिनीअर म्हणाला आम्ही नाही हाकलणार. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले.

सेकंड हाफमध्ये शॉ आला, माउंट, उगार्ते, झिर्कझी, होयलुंड, सगळे आले, पण गोल आला नाही, उलट डेलॅपचा आणखी एक ओनानाने काढला नसता तर हरूनच निघालो असतो. १-१. नंतर अमोरिम स्वतःच बोलला की अजून बराच काळ त्रास होणार आहे. हे ऐकून वकील पहिल्यांदा खूश दिसला. म्हणे, चला, खरं बोलणारा तर मिळाला. माझंही मत त्या रात्री साधारण तिथेच येऊन थांबलं. या सीझनकडून काही मागू नका, जानेवारीत डावीकडचा एक पोरगा आणला अन् मध्ये एक पळणारा आणला, तर पुढच्या ऑगस्टमध्ये बोलू. नाही आणले तर मग वकीलसाहेबाचा विजय, अन् तो विजय आम्हाला वर्षभर ऐकावा लागेल.

आता खाण्याचं. नाचोज तेव्हा २२० रुपयांचे, त्यावर चीज म्हणून जे ओततात ते थंड झालं की त्याचा पापड होते. पेरी पेरी फ्राइज बरे, गरम आले तर. पहिली प्लेट जमिनीवर गेली ती त्यांनी फुकटात बदलून दिली, हे मात्र मान्य करायला पाहिजे. कोल्ड कॉफी गोड मिट्ट. त्यातल्या त्यात चांगलं काय तर सांबारवडी, मेन्यूत खाली एका कोपऱ्यात लिहिली आहे, कोणी मागत नाही, पण आतून कोणीतरी घरचं माणूस करते असं वाटते, कुरकुरीत, कोथिंबीर भरपूर, सोबत कढी देतात छोट्या वाटीत. चार लोकांत दोन प्लेट सांगा अन् बाकी काही सांगू नका. मसाला शेंगदाणेही चालतात, डिफेन्स मांडायला लागतातच.

साडेअकराला लास्ट ऑर्डर घेतात, म्हणजे नेमकं ७०व्या मिनिटाच्या आसपास वेटर बिलाचं फोल्डर घेऊन डोक्यावर येते, मॅच अडकलेली असताना कार्डाचा पिन कोण टाकेल. बिल हाफटाइमला द्या न, लोकं तेव्हा मोकळे असतात. मिनिमम ऑर्डर तेव्हा साडेतीनशे माणशी होती, ते बिलात वळते होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सर्व्हिस चार्ज न विचारता लावून देतात, काढा म्हटलं की लगेच काढतात, चेहरा पण वाकडा करत नाहीत, याचा अर्थ त्यांनाही माहीत आहे. पाहून घ्या. पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावा, मेन रोडवर लावली तर उचलून नेतात.

पोरी एकट्या किंवा ग्रुपने येतात का असं एकीने मला विचारलं होतं, तर हो, त्या दिवशी चेल्सीच्या जर्सीत तिघी होत्या अन् आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आवाज त्यांचाच. स्टाफ नीट वागते. टॉयलेट एकच आहे, हाफटाइमला रांग लागते, ४०व्या मिनिटालाच जाऊन या, फक्त त्या दिवशी जे गेले त्यांचा हचिन्सनचा गोल हुकला, त्यात तसं काही गमावलं नाही म्हणा.

पाचातले साडेतीन. आतल्या खोलीत बॉक्स लावला तर चार.

रविवारी संध्याकाळी सातची मॅच असली की गर्दी फॅमिलीवाल्यांचीही राहते, आधी फोन करून टेबल ठेवा. हॉलमध्येच मागा, अन् खांबाच्या उजवीकडची रांग मागा, खांबामागे बसवून राहिले तर सरळ नाही म्हणा, तिथून अख्खा लेफ्ट विंग दिसत नाही. रात्री दीडच्या मॅच इथे लावत नाहीत, विचारून झालं आहे.